कोरफड आणि तिच्या मानलेल्या बहिणी



उदगीरच्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. त्या लिहितात, "मुलाने पुण्याहून माझ्या वाढदिवसाला गुलाबाच्या फुलासारखे दिसणारे एक झाड पाठवले. फूल नाही, सगळी पानेच. जाड जाड, राखाडी-गुलाबी. रोज पूजा झाली की तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घालत होते. तीन आठवड्यांत पाने काचेसारखी झाली आणि हात लावला की गळून पडू लागली. माझे काय चुकले?"

ताई, चुकले ते त्या तांब्यातच. पण फार वाईट वाटून घेऊ नका. ही चूक मीही केली आहे, आणि ती मला तुमच्यापेक्षा महागात पडली. पैशाने नव्हे. ते पुढे सांगते.

तुमच्या झाडाचे नाव बहुधा एचेव्हेरिया. हे नाव तोंडात बसायला मलाच आठवडा लागला! अतानासिओ एचेव्हेरिया नावाच्या चित्रकाराने मेक्सिकोतल्या वनस्पतींची चित्रे काढली होती, त्याच्या नावावरून १८२८ साली हे नाव ठेवले गेले. मूळचे हे झाड तिकडच्या डोंगराळ भागातले. दिवसा ऊन, रात्री गारवा, आणि पाऊस पडला तरी दगडांच्या फटींतून पाणी वाहून जाते. आता आपल्या नांदेड-लातूरकडे बघा. उन्हाला तर आपल्याकडे तोटा नाही, पण मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंतींना हात लावता येत नाही, आणि कुंडीत असते काळी माती. सक्युलंट म्हणजे वाळवंटातले झाड, आपल्या उन्हात मजेत राहील, असे सांगून विकणारे विकतात आणि आपण घेतो. ते राहत नाही.

या झाडांचा स्वभाव एकदा कळला की पुढचे सोपे जाते. इतर झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडी ठेवतात. ही मंडळी दिवसा ती मिटून बसतात, नाहीतर पानात साठवलेले पाणी उडून जाईल. रात्री छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि सकाळी उजेड आला की त्याचे अन्न तयार करतात. गंमत म्हणजे याची खूण फार पूर्वी टिपली गेली ती आपल्याच देशात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिणेत होता. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी जरा कडवट, असे त्याने कळवले. ते १८१५ साली छापून आले. (तुम्ही मात्र चाखून बघू नका. पानफुटीत विषारी अंश असतो. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, तिथे ही गोष्ट सांगितल्यावर दोन मुली लगेच पान तोडायला निघाल्या होत्या, म्हणून हा इशारा.)

तर रात्र गार असली की यांचा कारभार सुरळीत चालतो. एप्रिल-मेमध्ये रात्रही तापलेली असते, मग एचेव्हेरिया वाढ थांबवून निजून राहते. निजलेल्याच्या तोंडात तांब्या ओतल्यावर काय होणार?

आता माझी गोष्ट. सासूबाईंचे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात त्यांचे माळवदाचे घर पडले. माणसे वाचली. काही आठवड्यांनी दगडमाती उपसताना दाराची चौकट निघाली आणि चौकटीला उलटी टांगलेली कोरफड. मुळे वर, मातीचा कण नाही, तरी आत हिरवी! ती सासूबाईंनी लातूरला आणून डब्यात लावली. माहेरची तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही लातुरातच होतो. मांजरा धरण कोरडे पडलेले. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. अशा दिवसांत कुंड्यांना पाणी घालणे म्हणजे चोरीच. मी तांदूळ धुतलेले पाणी पदराआड लपवून मोगऱ्याला घालायची. एकदा कोरफडीकडे वळले तर सासूबाईंनी पाहिले. "काय करायलीस गं? तिला कायबी घालू नको. ती तिचं तिचं बघती." मोगरा गेला, दोन गुलाब गेले, जास्वंद गेली. कोरफडीची पाने आत वळली, तपकिरी झाली, पातळ झाली. पाऊस आल्यावर पंधरा दिवसांत ती पुन्हा फुगली.

पुढे यजमानांची बदली नांदेडला झाली तेव्हा सासूबाईंनी तो डबा माझ्या हातात दिला. "नीट ने," एवढेच म्हणाल्या.

आणि मी काय केले? गंजक्या डब्यात बरे दिसत नाही म्हणून २०१९ च्या जूनमध्ये एक चकचकीत प्लास्टिकची कुंडी आणली. तिला खाली भोके नव्हती, ते पाहिलेच नाही. ओळखीच्यांच्या शेतातली काळीभोर माती भरली, वर भरपूर शेणखत, आणि रोज पाणी. गॅलरीत पावसाची झड येत होती ती वेगळीच. ऑगस्टमध्ये एका सकाळी झाड कलले. उचलायला गेले तर बुंधाच हातात आला, काळा, घाणेरड्या वासाचा. भूकंपात टिकलेली, दुष्काळात टिकलेली कोरफड माझ्या लाडाने कुजली! मी तिथेच बसून रडले, खोटे कशाला सांगू.

माती उकरली तेव्हा कडेला बोटाएवढे एक पिल्लू सापडले. त्याचा बुडखा पांढरा, घट्ट होता. धुतले, कुजका भाग ब्लेडने कापला, हळद लावली आणि चार दिवस सावलीत वर्तमानपत्रावर तसेच ठेवले. मग मुरमात लावले आणि आठवडाभर पाण्याचा थेंब दाखवला नाही. ते जगले. सासूबाईंना मात्र मी दिवाळीपर्यंत सांगितले नव्हते. फोनवर विचारायच्या, "कोरफड कशी हाय?" मी म्हणायची, "छान आहे." दिवाळीला त्या आल्या, कुंडी पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर लेकरू हाय. आई कुठंय?" मग सगळे सांगावेच लागले. थोडा वेळ गप्प बसल्या. नंतर स्वतःच कुंडी उचलून बघितली, खाली भोक आहे का ते.

म्हणून आधी भोक, मग माती, मग झाड. आपली काळी माती कापसाला, हरभऱ्याला सोन्यासारखी, पण ती ओली झाली की फुगते आणि दिवसेंदिवस ओल धरून बसते. मुळांना हवा मिळत नाही. कुंभाराकडची साधी मातीची कुंडी घ्या. तळाच्या भोकावर फुटक्या खापरीचा बाकदार तुकडा ठेवा. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग भरड हवा: चाळून धुतलेला मुरूम आणि वाटाण्याएवढे विटांचे तुकडे. उरलेल्यात लाल माती आणि मूठ-दोन मूठ जुने, वास न येणारे शेणखत. बांधकामाची बारीक वाळू घालू नका, ती पाण्याने सिमेंटसारखी बसते. मिश्रण मुठीत दाबून सोडले की मोकळे झाले पाहिजे.

पाण्याचे वेळापत्रक मला कुणी विचारले की मी आइसक्रीमची काडी दाखवते. ती मातीत खोल खुपसा, थोड्या वेळाने काढा. ओली आली तर पाणी नको. कोरडी आली तरी अजून दोन दिवस थांबा. द्यायचे तेव्हा खालून निघेपर्यंत द्या, पण मातीवर. पाकळ्यांच्या मध्यात पाणी साचले तर कापसाने टिपून घ्या, तिथूनच कूज सुरू होते. हिवाळ्यात ही झाडे वाढतात, तेव्हा माझ्याकडे दहा-बारा दिवसांनी पाणी होते. एप्रिल-मेमध्ये थोडेसे, आणि ते सूर्य मावळल्यावरच. पावसाळ्यात पत्र्याखाली सरकवायची.

बोअरचे पाणी आपल्याकडे जड असते. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो त्याचाच. पावसाळ्यात दोन बादल्या पावसाचे पाणी झाकून ठेवले तर बरेच दिवस पुरते, कारण यांना लागते किती? पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे वाया जाणारे पाणी निघते ते फरशी पुसायला वापरा, यांना नको. त्यात क्षार आणखी जास्त असतात.

आता कोणती झाडे घ्यावीत? आमच्यासारख्या पश्चिमेच्या गॅलरीवाल्यांनी आधी हॅवर्थिया घ्यावी. ही दक्षिण आफ्रिकेतली, झुडपांच्या सावलीत वाढणारी, आणि कोरफडीची खरोखरची चुलत बहीण. बाकीच्या मानलेल्या! गडद हिरव्या पानांवर पांढरे आडवे पट्टे असतात ती जात सर्वांत सोशिक. खिडकीच्या उजेडातही राहते. पाने लालसर-तपकिरी झाली तर समजावे, ऊन जास्त होते आहे.

दुसरी ग्रॅप्टोपेटॅलम. पाने राखाडी-जांभळट, एचेव्हेरियासारखीच गुलाबाकार, पण स्वभावाने खमकी. नावात पॅराग्वे आहे, झाड मात्र मेक्सिकोचे. हिचे गळलेले पानही कुंडीत पडल्या जागी रुजते. नवशिक्या भगिनींनी एचेव्हेरियाआधी हिच्यावर हात बसवावा.

एचेव्हेरिया घ्यायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या, म्हणजे उन्हाळ्याआधी तिला चार महिने मिळतात. सकाळी दहापर्यंतचे ऊन द्या, मार्चपासून हिरव्या जाळीखाली ठेवा. पानांवर पांढरी भुकटी दिसते ती धूळ समजून पुसू नका! ते मेणाचे कवच आहे, उन्हापासून राखते, आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. आमच्या शेजारणीने ओल्या फडक्याने एकेक पान लख्ख केले होते. उजेड कमी पडला की झाड मान लांब करते, पाने विरळ होतात. मग वरचा गुच्छ बोटभर देठासह कापून, चार-पाच दिवस वाळवून नव्या कुंडीत लावायचा. खालच्या खुंटालाही फुटवे येतात.

सेम्परव्हिवम नावाचे फार सुंदर झाड ऑनलाइन दिसते, त्याच्या मोहात पडू नका. नावाचा अर्थ सदा जिवंत. युरोपात ते घराच्या छपरावर लावत, वीज पडत नाही अशी समजूत होती. शार्लमेन राजाच्या काळच्या, सुमारे ८०० सालच्या, आज्ञापत्रातही माळ्याच्या घरावर ते असावे असे लिहिले आहे. पण ते थंड डोंगरांवरचे झाड. माझे सदा जिवंत १८ मेला गेले.

पानापासून रोप करायचे तर एचेव्हेरियाचे किंवा ग्रॅप्टोपेटॅलमचे पान बुडख्यासकट, हलकेच डावी-उजवीकडे हलवून काढा. अर्धवट तुटलेले रुजत नाही. तीन-चार दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग मिश्रणावर नुसते ठेवा. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी मुळे दिसतील. कोरफडीचे पान मात्र असे रुजत नाही, ते बहुतेक कुजतेच. तिची पिल्लेच लावायची.

कीड म्हणाल तर एकच मोठा शत्रू, पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली की आधी तिथे पाहा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपून काढा, ऊन उतरल्यावर. झाड उगीच सुकत असेल तर उपटून मुळेही तपासा.

आणि एक महत्त्वाचे. घायपात, आपल्या खेड्यांतून जिला केकताड म्हणतात, तीही अशीच गुलाबाकार वाढते. बांधावरची, दोर-दावी वळायची ती. आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलते आणि मरते. लहानपणी ती कोरफडीसारखीच दिसते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने तिचा गर चेहऱ्याला लावला, तर तासाभरात तोंड लाल होऊन आग आग. त्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ओळख अशी: कोरफडीचे पान पटकन मोडते, आत पारदर्शक गर असतो. घायपाताचे पान चिवट, आत दोरे, टोकाला कठीण काटा.

कोरफडीचेही पान कापल्यावर पंधरा मिनिटे कापलेली बाजू खाली करून उभे ठेवा. पिवळा रस निथळून जाऊ द्या, मग धुऊन गर काढा. तो पिवळा रस तीव्र रेचक आहे. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोरफड पोटात घेऊ नये. बाकी शोभेच्या झाडांचा गर कुणीच कशालाही वापरू नये.

उदगीरच्या ताई, गळलेल्या पानांत एखादे घट्ट, बुडख्यासकट पान असेल तर टाकू नका, वर सांगितल्याप्रमाणे ठेवून पाहा. आणि कुंडी उलटी करून तळ बघा. आमच्या त्या एका पिल्लाची आता अकरा पिल्ले झाली आहेत. त्यातले पहिले, धरले त्याच वर्षी, सासूबाईंनी जुन्या डब्यात घालून लातूरला परत नेले. डबा मी टाकला नव्हता, एवढे एक शहाणपण माझ्याकडून झाले होते.