माणूस पाठवायचा, तर तिजोरीतूनच

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे झेपावले. त्याआधी त्यांचे उड्डाण अनेकदा लांबले होते. एकदा तर स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. गळती पुरती दुरुस्त करून चाचणी झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह अमेरिकेत गेलेल्या इस्रोच्या अभियंत्यांनी धरला होता, असे संस्थेचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितले. या मोहिमेसाठी भारताने सुमारे ५५० कोटी रुपये मोजले होते. पैसे टाकून आसन मिळते. दुसऱ्याच्या रॉकेटसमोर उभे राहून ‘आधी दुरुस्ती करा’ असे म्हणण्याचा अधिकार मात्र स्वतः रॉकेट बांधूनच मिळवावा लागतो. गगनयानावर, म्हणजे भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळ मोहिमेवर, जनतेचा पैसा का घालावा, याचे आमच्या मते सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे.

रक्कम लहान नाही. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ९,०२३ कोटी रुपये मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह हा आकडा २०,१९३ कोटींवर गेला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला मिळालेले १३,४१६ कोटी म्हणजे केंद्राच्या दर शंभर रुपयांतले सुमारे २६ पैसे. पण वाटा लहान आहे म्हणून प्रश्न संपत नाही. चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेही माणसाविना. निव्वळ विज्ञानाचा हिशेब मांडला, तर यंत्र स्वस्त आणि सरस ठरते. मानवी मोहिमेच्या समर्थकांनी हे मान्य करायला कचरू नये.

मग माणूस पाठवून हाती काय येते? जीव वाचवणारी यंत्रणा स्वतः घडवण्याची क्षमता. अंतराळवीर बसतात त्या कुपीतली हवा श्वास घेण्याजोगी ठेवणारी प्रणाली परदेशातून मिळेना, तेव्हा ती इथेच विकसित करावी लागली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्यात झालेल्या चाचणीत संकटाच्या क्षणी कुपी रॉकेटपासून तोडून दूर नेणारी व्यवस्था तपासली गेली आणि कुपी पॅराशूटच्या आधाराने समुद्रात उतरली. ही पॅराशूट आग्र्याच्या संरक्षण प्रयोगशाळेची, अंतराळवीरांचे जेवण म्हैसूरचे. आणि ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवर हा सारा डोलारा उभा आहे, त्याच्या बूस्टरचे सुटे भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये बनतात. एकही गिऱ्हाईक दिसत नसताना इतकी वर्षे यात पैसा गुंतवून ठेवील असा खासगी उद्योजक नाही. ज्या स्पेसएक्सचा दाखला दिला जातो, तिची माणसे नेणारी ड्रॅगन कुपीही मोठ्या प्रमाणात नासाच्या, म्हणजे अमेरिकी करदात्याच्या पैशावर उभी राहिली.

मात्र जनतेचा पैसा घेणाऱ्यांवर दोन बंधने येतात. पहिले, तारखांचा हट्ट नको. गगनयानाला आधी २०२२ चा, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचा मुहूर्त दिला होता. तो टळला, यात लाजण्यासारखे काही नाही. २८ जानेवारी १९८६ च्या अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीत रबरी कड्या दगा देतील असे अभियंते सांगत होते. वेळापत्रकाच्या दडपणाखाली त्यांचे ऐकले गेले नाही आणि सात जण गेले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाबरोबर कल्पना चावला गेल्या, तेव्हाही धोक्याची शंका आधी बोलून दाखवली गेली होती. उद्या आपल्याकडे एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने उड्डाण थांबवायला सांगितले, तर मंचावर कोण बसले आहे हे न पाहता ते थांबलेच पाहिजे.

दुसरे बंधन हिशेबाचे. १८ मे २०२५ रोजी इस्रोचे पीएसएलव्ही-सी६१ रॉकेट तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे अपयशी ठरले. अशा प्रत्येक अपयशाचा चौकशी अहवाल, संरक्षणविषयक तपशील वगळून, ठरलेल्या मुदतीत संसदेसमोर यायला हवा. गगनयानाचा वाढीव खर्च हवामान आणि शेतीसाठीच्या उपग्रहांच्या वाट्यातून काढलेला नाही, हेही दरवर्षी आकड्यांनिशी दाखवावे. सरकारने याची सुरुवात येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापासूनच करावी.