थंडीतले उड्डाण आणि नकाराचा अधिकार

फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषिकेशच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून टिहरी गढवालच्या जिल्हा रुग्णालयात क्षयरोगावरील औषधे ड्रोनने पोचविण्यात आली. रस्त्याने जेथे सुमारे दोन तास लागतात, तेथे ड्रोन अर्ध्या तासात पोचला. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यातही असा प्रयोग केला. बर्फाने वाटा अडविलेल्या खोऱ्यांना या साधनाचा आधार मिळणार असेल, तर त्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु ज्या ऋतूत या साधनाची गरज सर्वाधिक, त्याच ऋतूत ते सर्वाधिक दुबळे असते, या विसंगतीकडे डोळेझाक करून चालणार नाही.

ड्रोनचा प्राण त्याच्या बॅटरीत असतो. लिथियमच्या या बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. जमिनीवर तपासावी तर बॅटरी पूर्ण भरलेली दिसते. परंतु यंत्राने जोर लावला, की विद्युतदाब एकाएकी घसरतो. पडद्यावर अजून पुरेशी शक्ती शिल्लक दिसत असताना ड्रोन दरीत उतरू लागतो. सामान्य व्यावसायिक ड्रोनपैकी अनेकांना उत्पादकांनी उणे १० अंश सेल्सिअसची मर्यादा घालून दिलेली आहे. हिमालयातील खोऱ्यांत हिवाळ्याच्या रात्री व सकाळी पारा या मर्यादेखाली सहज जातो.

त्यात उंचीची भर पडते. केलाँग समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने विरळ असते. थंडीने हवा थोडी दाट होते खरी, पण तेवढ्याने ही उणीव भरून निघत नाही. पात्यांना अधिक वेगाने फिरावे लागते आणि बॅटरीवरचा भार वाढतो. शून्याखालच्या धुक्यातले जलबिंदू पात्यांवर आदळताच गोठतात. पात्याचा आकार बिघडला, की उचल घटते. ती भरून काढण्यासाठी यंत्र अधिक वीज ओढते. म्हणजे एक संकट दुसऱ्याला बोलावून आणते. त्यातून चालकाची बोटे बधिर झालेली असतात, हा भाग वेगळाच.

याची उपाययोजना अज्ञात आहे असे नाही. उड्डाणापूर्वी बॅटरी उबदार पिशवीत ठेवून सुमारे २० अंशांपर्यंत आणावी. उडाल्यावर मिनिटभर जमिनीलगत तरंगत ठेवून विद्युतदाब पाहावा. परतीसाठी नेहमीपेक्षा अधिक शक्ती राखून ठेवावी. गोठलेली बॅटरी भारित करू नये. तसे केल्यास तिची कायमची हानी होते. धुके वा हिमवृष्टी असेल तर उडूच नये. बाहेरून आणलेले यंत्र एकदम उबेत उघडू नये, नाहीतर आत दव साचते. यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. मात्र प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. आणि शेवटचा उपाय म्हणजे न उडणे, हा तर कोणालाच नको असतो.

खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. हे ड्रोन उडविणारा बहुधा कंत्राटावरचा तरुण असतो. पलीकडे रुग्ण ताटकळत असतो, कंपनीला फेऱ्यांचा हिशेब द्यावयाचा असतो आणि उद्‌घाटनाला पाहुणे जमलेले असतात. अशा वेळी 'आज नको' हे दोन शब्द उच्चारण्याचे बळ त्याला कोण देणार? २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. थंडीने सांध्यातील रबरी कड्यांची लवचीकता नष्ट होईल, असे तिच्या निर्मात्यांकडील अभियंत्यांनी आदल्या रात्री बजावले होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. ड्रोनची त्या यानाशी बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु थंडीचा धोका ज्याला कळतो त्याच्या हाती निर्णय नसणे, हा दोष दोन्हीकडे एकच आहे.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी वजनानुसार पाच प्रकार पाडले, दूरचालकांसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था केली. हे योग्यच झाले. परंतु प्रमाणपत्र मिळते ते ड्रोनच्या वर्गानुसार, प्रदेशाच्या हवामानानुसार नव्हे. पुण्याच्या उन्हात शिकलेल्या चालकाने केलाँगच्या पहाटेला सामोरे जाण्यापूर्वी काही वेगळे शिकावे, ही अपेक्षा गैर नाही. डोंगराळ व शीत प्रदेशातील व्यावसायिक उड्डाणांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण असावे. चालकाने हवामानामुळे रद्द केलेल्या फेरीबद्दल त्याचे वा कंपनीचे पैसे कापले जाणार नाहीत, अशी अट सरकारी कंत्राटांत स्पष्ट घातली जावी.

रुग्ण ताटकळत असताना नकार देणे निर्दयपणाचे नाही काय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु दरीत कोसळलेल्या ड्रोनबरोबर औषधही जाते आणि लोकांचा विश्वासही. ज्या दिवशी उड्डाण अशक्य, त्या दिवसाची तरतूद हिमवर्षावापूर्वीच आरोग्य केंद्रातील साठ्याच्या रूपाने झालेली असली पाहिजे. ड्रोन हा त्या साठ्याला पूरक ठरावा, पर्याय नव्हे. मग 'आज नको' म्हणणाऱ्या चालकाच्या मनावर कोणाच्या प्राणाचे ओझे राहणार नाही. आणि तो जेव्हा 'आज उडतो' म्हणेल, तेव्हा त्याच्या शब्दावर खोऱ्यातील माणसाला निर्धास्तपणे विसंबता येईल.