आराखडा पैनगंगेच्या काठावरून मोजा

प्रति,
मा. कुलगुरू आणि अधिष्ठाता मंडळ,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती

विषय : बृहत आराखड्यात यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला न्याय्य वाटा मिळण्याबाबत

महोदय,

‘आराखड्यात बसत नाही.’ उच्च शिक्षणाबद्दल आमच्या भागातून जी जी निवेदने निघाली, त्यांच्या वाट्याला हे एवढेच वाक्य आले, तेही तोंडी. ती निवेदने कोणाकोणाच्या टेबलावर गेली, ती नावे मी इथे घेत नाही. पोच मिळाली, शिक्का मिळाला, लेखी उत्तर मात्र मिळाले नाही. म्हणून आज निवेदन बाजूला ठेवतो आणि थेट आराखड्याबद्दलच बोलतो. आराखडा करणे हे तुमचे काम आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चे कलम १०७ तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. विद्यापीठाने दर पाच वर्षांनी बृहत आराखडा करायचा आणि उच्च शिक्षणाच्या सोयी सगळीकडे समान पोहोचतील अशी जागांची आखणी करायची, असे ते कलम सांगते. त्यात ज्या भागात सोय पोहोचलेली नाही आणि जो भाग मागास आहे, त्याच्या गरजेकडे विशेष लक्ष द्यायचे आहे. म्हणजे कायद्याने मोजणीची सुरुवात कुठून करायची तेही सांगून ठेवले आहे. ती सुरुवात शेवटच्या गावापासून आहे.

आता मोजू. १ मे १९८३ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या कक्षेत आज ५ जिल्हे आहेत. अमरावतीचे १४ तालुके, बुलढाण्याचे १३, अकोल्याचे ७, वाशीमचे ६ आणि यवतमाळचे १६, असे एकूण ५६. सर्वांत जास्त तालुके यवतमाळचे. २०११ च्या जनगणनेत या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी १२ लाख ५८ हजार होती. त्यातले २७ लाख ७२ हजार लोक एकट्या यवतमाळचे, म्हणजे जवळजवळ दर चौथा माणूस. क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, अमरावती जिल्ह्यापेक्षाही मोठे. विद्यापीठाची नवी विद्याशाखा, नवी प्रयोगशाळा, नवे संशोधन केंद्र यांचा विचार होतो, तेव्हा हा चौथा माणूस नेमका कितव्या पानावर असतो?

महागाव तालुक्यातले आमचे फुलसावंगी अमरावतीपासून रस्त्याने दीडशे किलोमीटरहून लांब आहे. नांदेड आम्हाला अमरावतीपेक्षा जवळ. आमचा जिल्हा यवतमाळ, खासदार हिंगोलीचा, दवाखान्यासाठी माणसे नांदेडला पळतात आणि विद्यापीठ अमरावतीला. चार दिशांना वाटलेल्या गावाची जबाबदारी शेवटी कोणीच घेत नाही, हे आम्ही अनुभवातून शिकलो आहोत.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले, तुमच्यानंतर अकरा वर्षांनी. त्याने लातूरला उपपरिसर उभा केला आणि किनवटला आदिवासी विकास व संशोधन केंद्र काढले. किनवट म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे, आमच्यासारखाच जंगलाचा, तांड्यांचा, गोंड आणि आंध वस्त्यांचा मुलूख. मुंबई विद्यापीठ रत्नागिरीला पोहोचले, पुण्याचे विद्यापीठ नाशिक आणि अहिल्यानगरला, छत्रपती संभाजीनगरचे धाराशिवला. मुलांनी विद्यापीठाकडे यावे, तसे विद्यापीठानेही मुलांकडे जावे, हे या राज्यात नवे नाही. मग पैनगंगेच्या अलीकडे, महागाव, उमरखेड आणि पुसद या पट्ट्यात, किनवटसारखे केंद्र का नसावे?

‘तुमच्याकडे महाविद्यालये आहेत की,’ असे उत्तर येईल. आहेत. पण आराखडा महाविद्यालयांच्या जागा मोजतो, त्या महाविद्यालयात काय शिकता येते ते मोजत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून विद्यार्थ्याने मुख्य विषय निवडायचा, सोबत दुसऱ्या शाखेचा दुय्यम विषय घ्यायचा आणि कौशल्याचा अभ्यासक्रमही करायचा. हे सगळे चांगले आहे. पण ज्या ठिकाणी मोजके विषय आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत, तिथे निवड कसली? जे शिकवायला माणूस आहे, तेच मुलाने निवडायचे. माझ्या मुलीला सूक्ष्मजीवशास्त्र हवे होते. घरून जाऊन-येऊन तो विषय शिकता येईल असे महाविद्यालय तिला मिळाले नाही. तिने दुसरा विषय घेतला. कागदोपत्री ती प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी आहे, म्हणजे तुमच्या आकड्यांत ती यशस्वी आहे.

याच धोरणात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे. ४ श्रेयांकांचे कामाचे प्रशिक्षण म्हणजे १२० तास. हे तास आमच्या मुलांनी कुठे भरायचे? मोठ्या कंपन्या, बँकांची मोठी कार्यालये इथे नाहीत. इथे कापूस आहे, सोयाबीन आहे, हळद आहे. हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, जिनिंग, शेतीच्या अवजारांची दुरुस्ती, वेल्डिंगची दुकाने हे सगळे रोजचे चालते काम आहे. या कामांना श्रेयांक देणारा अभ्यासक्रम विद्यापीठाने आखला, तर आमची मुले गाव न सोडता १२० तास भरतील आणि गावालाही त्याचा उपयोग होईल. त्यासाठी इथे येऊन पाहणी करावी लागेल.

वेल्डिंगचे नाव काढले, तेव्हा एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या गावातला एक तरुण स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. आठवीनंतर त्याची शाळा सुटली होती. गाडीचे इंजिन बसवून, मोबाइलवर बघून बघून, वेल्डिंगच्या दुकानात त्याने ते यंत्र उभे केले. चाचणीत मागचे पाते तुटले, ते वरच्या पात्यावर आदळले आणि ते पाते त्याला लागले. देशभर बातमी झाली, लोक हळहळले आणि विसरले. आम्ही विसरलो नाही. त्या मुलाला पात्यावर किती ताण येतो ते सांगणारा शिक्षक हवा होता, एखादी कार्यशाळा हवी होती, आठवीत सुटलेल्या पोरालाही हाताच्या कामातून परत शिक्षणात घेणारी वाट हवी होती. आजीवन अध्ययन आणि विस्तार हे विद्यापीठाचेच काम आहे ना? त्याचा विस्तार फुलसावंगीपर्यंत झाला असता तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. पण त्याच्यासारखी पोरे आजही गावात आहेत. आराखड्यात त्यांच्यासाठी एक ओळ तरी असावी, हे मात्र मी ठामपणे सांगतो.

मुलींचे वेगळे सांगतो. ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने २०२४ मध्ये माफ केली. त्या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत केले. पण फी माफ झाली म्हणून अंतर माफ होत नाही. खोली, खानावळ आणि एकटीने परक्या शहरात राहण्याची भीती तशीच राहते. एसटीचा मुलींचा मोफत पासही बारावीपर्यंतच आहे. महाविद्यालय लांब जाते, नेमका तेव्हाच मोफत प्रवास संपतो. मग बाप म्हणतो, पुरे झाले शिक्षण. त्या बापाला दोष देण्याआधी त्याच्या घरापासून त्या अभ्यासक्रमापर्यंतचे अंतर मोजा.

२०२१-२२ च्या देशव्यापी पाहणीत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते. २०३५ पर्यंत देशाला ५० टक्के गाठायचे आहेत. ही वाढ पुण्या-मुंबईतून होणार नाही, तिथली मुले आधीच आत आहेत. ती आमच्यासारख्या तालुक्यांतूनच होईल. विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तेव्हापासून अनुशेष मोजणारे एक दारही बंद झाले. आता उच्च शिक्षणापुरते तरी तुमच्या आराखड्याशिवाय आमच्याकडे काय उरले?

म्हणून मागण्या तीनच.

एक, महागाव, उमरखेड, पुसद पट्ट्यात विद्यापीठाचे स्वतःचे केंद्र. त्यात आदिवासी व बंजारा समाजाचा अभ्यास, हळद-कापूस प्रक्रिया आणि यंत्रकाम हे विषय हवेत.

दोन, तालुकानिहाय तक्ता जाहीर करा. कोणत्या तालुक्यात कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले जातात, पूर्णवेळ प्राध्यापक किती, मुली किती. आणि तो मराठीत असू द्या.

तीन, पुढचा वार्षिक आराखडा ठरवण्याआधी एक सुनावणी पैनगंगेच्या काठावरच्या गावात घ्या. पाच वर्षांचा आराखडा संपेपर्यंत थांबण्याची गरज नाही, वार्षिक आराखडा त्यासाठीच आहे.

घरातली भांडी विका, पण पोरांना शिकवा, हे गाडगेबाबांनी कीर्तनांतून गावोगाव सांगितले. त्यांच्याच नावाचे तुमचे विद्यापीठ आहे. आमच्या गावात त्यासाठी भांडीच काय, बैल विकलेली आणि शेत गहाण टाकलेली घरे आहेत. बाबा स्वतः चालत गावात यायचे, लोकांना बोलवून घेत नसत.

सुनावणीची तारीख तुम्ही कळवा. मंडप आम्ही घालतो, सतरंज्या आम्ही अंथरतो, जेवणही आमच्याकडे. तुम्ही फक्त आराखडा घेऊन या.

आपला,
फुलसावंगीतील एक पालक
ता. महागाव, जि. यवतमाळ