तोंडावरील पुळ्या आणि मनावरील ओझें

वार्षिक छायाचित्राच्या दिवशीं मागल्या रांगेसाठीं धडपडणारे विद्यार्थी आम्ही दरवर्षीं पाहतों. उंचीमुळें नव्हे, तर गालांवरील तारुण्यपिटिकांमुळें त्यांस दडावेंसें वाटतें. ज्या विकारामुळें चौदा-पंधरा वर्षांचें मूल मान खालीं घालूं लागतें, त्यास क्षुल्लक म्हणून हंसण्यांत शहाणपण नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा विकार नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत त्यास ‘मुखदूषिका’ म्हटलें असून पुळ्यांना सांवरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सांवरीचें खोड ज्यानें पाहिलें आहे, त्यास ती उपमा किती यथार्थ आहे हें सांगावयास नको.

परंतु कारणांविषयीं आजही घरोघरीं गैरसमज आहेत. कोणी म्हणतो, अंगांत उष्णता झाली; कोणी म्हणतो, तोंड नीट धूत नाहीं; कोणी तर मुलाच्या वर्तनावरच शंका घेतो. खरी गोष्ट अशी, कीं वयांत येतांना शरीरांत कांहीं संप्रेरकें वाढतात व त्वचेंतील तैलग्रंथि अधिक तेल स्रवूं लागतात. हें तेल व मृत पेशी साचून रंध्राचें तोंड बंद झालें, म्हणजे आंत सूक्ष्म जंतु वाढतात, सूज येते आणि पुळी उठते. खसखसून घासल्यानें रंध्र मोकळें होत नाहीं. उलट त्वचा दुखावते. अनुवंशाचाही यांत मोठा वांटा असतो. तेव्हां मुलास बोल लावणाऱ्या पित्यानें आधीं आपलें तरुणपण आठवावें!

याहून गंभीर अनर्थ मलमांचा आहे. गोरें होण्याच्या आशेनें बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखीं स्टेरॉइडें असलेलीं मलमें चिठ्ठीवांचून आणून लाविलीं जातात. आरंभीं चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढें त्वचा पातळ व लाल होते, पुळ्या वाढतात, आणि मलम सोडतांच आग होऊन मूल पुन्हां त्याच डबीकडे वळतें. २०१८ सालीं भारत सरकारनें अशा मलमांस डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. परंतु घरांतील फडताळांत काय आहे, हें आईबापांनींच पाहिलें पाहिजे. सांवळा वर्ण हा रोग नव्हे, हेंही त्यांनींच मुलांस सांगितलें पाहिजे.

मग करावें काय? दिवसांतून दोनदां सौम्य साबणानें तोंड धुवावें. पुळ्या फोडूं नयेत. त्यांचे वण जन्मभर राहतात. चेहऱ्यास तेल चोपडूं नये. लिंबू वा दांतांची पेस्ट लावूं नये. बेंझॉइल पेरॉक्साइड व ॲडापलीन हीं गुणकारी औषधें डॉक्टरांस विचारून लावावीं. गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. चार दिवसांत कंटाळून औषध बदलणारा आपलेंच नुकसान करितो. गांठी दुखत असतील किंवा खड्डे पडूं लागले असतील, तर विलंब न करितां नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग गांठावा. भोकरकरांस नांदेड कांहीं परमुलूख नव्हे.

पालकहो, मुलाच्या पुळ्यांवर चारचौघांत बोलूं नका. विद्यार्थीमित्रहो, बहुतेकांच्या पुळ्या वयाबरोबर ओसरतात; परंतु त्यांपायीं हुकलेलें भाषण, सोडलेलें नाटक व टाळलेले मित्र परत येत नाहींत. पुढील छायाचित्राच्या वेळीं ज्याची उंची पहिल्या रांगेची, तो पहिल्या रांगेंतच आम्हांस दिसावा.