दोष अक्षराचा नव्हता

आयफोनवर एका तेलुगू अक्षराने घातलेला गोंधळ आठवतोय का मंडळी? फेब्रुवारी २०१८ ची गोष्ट. कुणीतरी एक जोडाक्षर पाठवायचं आणि समोरच्याचं ॲप धाडकन बंद! व्हॉट्सॲप, फेसबुक मेसेंजर, जीमेल... अक्षर दिसलं की क्रॅश. नोटिफिकेशनमधे आलं तर होमस्क्रीनच परत परत रीस्टार्ट व्हायची. बातम्यांनी त्याचं बारसं केलं 'तेलुगू बग' म्हणून. माझा पहिला आक्षेप या नावालाच आहे.

आता बघा, वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप्स एकाच अक्षरावर कशी पडतील? सगळ्यांनी मिळून एकच चूक केली असेल का? अशा वेळी आपल्या कोडमधे डोकं घालण्याआधी या सगळ्यांच्या खाली सामायिक काय आहे ते बघायचं. इथे होती कोअरटेक्स्ट, म्हणजे ॲपलची अक्षरं मांडणारी लायब्ररी. ॲप तिला फक्त मजकूर देतं, जोडाक्षर कसं जुळवायचं ते ती ठरवते. जुळवताना ती मेमरीत गडबड करायची, आणि मरायचं मात्र वरचं ॲप. शिव्याही त्यालाच!

तेव्हा मोझिलात काम करणाऱ्या मनीष गोरेगावकर यांनी या क्रॅशची चिरफाड करून नेमका क्रम मांडला. एक व्यंजन, हलन्त, मागून चिकटणारं दुसरं व्यंजन, मग 'झीरो विड्थ नॉन जॉइनर' नावाचं डोळ्यांना न दिसणारं अक्षर, आणि शेवटी स्वरचिन्ह. हाच क्रम बंगालीत आणि आपल्या देवनागरीतही घात करत होता! देवनागरीत दुसरं व्यंजन 'र' असलं की झालं. म्हणजे 'क्र', मग ते अदृश्य अक्षर, मग काना. 'प्रवास' आणि 'ग्राहक' वाचले, कारण त्यांत अदृश्य काही नसतं. ॲपलने १९ फेब्रुवारीला ११.२.६ आवृत्तीत दुरुस्ती दिली.

पण लायब्ररी दुरुस्त होईपर्यंत ॲपवाल्याने काय करायचं? सगळ्यात सोपा मोह म्हणजे अदृश्य अक्षरं सरसकट गाळून टाकणं. इथे माझा दुसरा आक्षेप. 'दऱ्या' मधला र लिहायची एक पद्धत अशाच एका अदृश्य अक्षरावर, झीरो विड्थ जॉइनरवर, चालते. ते गाळलं की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट दर्या होतो! ॲप पडणार नाही, पण मजकूर चुपचाप बदलेल, आणि त्याचा क्रॅश रिपोर्टही येणार नाही. गाळणी लावायचीच तर नेमक्या त्या क्रमापुरती लावा, लायब्ररीवाल्यांना तोच छोटा नमुना पाठवा, आणि दुरुस्ती आली की गाळणी काढा.

खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. कोपरला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून कोपरला माणसं राहत नाहीत असं नाही. आपल्या लिप्यांचं नेमकं हेच झालंय. तेलुगू, बंगाली आणि देवनागरी मिळून कोट्यवधी लोक लिहितात, तरी चाचणीची गाडी तिथे न थांबता पुढे जाते. आणि कूपर्टिनोवाल्यांना नावं ठेवण्याआधी इकडेही बघूया. पुण्या-मुंबईत बसून मराठी माणूस ॲप लिहितो आणि नावाच्या रकान्यात टाइप करतो 'टेस्ट वन टू थ्री'. मग कूपर्टिनोत बसलेल्या माणसाला र्‍हस्व-दीर्घ कुणी शिकवायचं?

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. प्रत्येक प्रोजेक्टच्या चाचण्यांत चार शब्द घाला: दऱ्या, ऱ्हास, त्र्यंबक, उद्घाटन. सोबत अदृश्य अक्षरं घातलेले दोन-तीन वेडेवाकडे नमुने. लायब्ररीची आवृत्ती बदलली की आधी हे चालवा. अर्ध्या तासाचं काम आहे. उद्या रविवार आहे, झोप काढा. पण सोमवारी नक्की करा :)