रामनामाचा गल्ला आणि पिटातला प्रेक्षक

‘आदिपुरुष’ हा चित्रपट १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा प्रत्येक चित्रपटगृहात एक खुर्ची हनुमंतासाठी राखून ठेवण्याची घोषणा निर्मात्यांनी केली होती. अंजनीसुताला प्रवेश विनामूल्य होता. त्याच्या भक्तांना ती सवलत नव्हती. दिल्लीतील काही आलिशान चित्रपटगृहांत एका खुर्चीचा भाव दोन हजार रुपयांच्या घरात गेला होता. पाचशे कोटींहून अधिक खर्च झाल्याचा डांगोरा आधीपासून पिटला जात होता, जणू खर्चाचा आकडा हीच कलाकृतीची गुणवत्ता!

पडद्यावर जे दिसले ते यथातथाच होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत झलक दाखवली गेली तेव्हाच संगणकी करामतींची यथेच्छ टिंगल झाली होती. त्यापायी प्रदर्शन जानेवारीवरून जूनवर ढकलावे लागले. तरीही लंका अंधारीच राहिली आणि वानरसेना निर्जीव. पवनपुत्राच्या मुखी नाक्यावरच्या टोळक्याची भाषा घातली गेली. लोक खवळल्यावर संवाद चालू खेळांतच बदलण्याची नामुष्की ओढवली. दिग्दर्शक ओम राऊत यांनी २०१५ मध्ये मराठीत ‘लोकमान्य’ हा चित्रपट केला होता, हे आठवल्यावर मराठी प्रेक्षकाची निराशा अधिकच गडद झाली असल्यास नवल नाही.

परंतु चित्रपट वाईट निघणे हा गुन्हा नव्हे. चांगले दिग्दर्शकही फसतात. आक्षेप आहे तो विक्रीच्या रीतीवर. पहिल्या तीन दिवसांत जगभर ३४० कोटी जमल्याचा दावा निर्मात्यांनी केला. सोमवार उजाडला आणि प्रेक्षागृहे ओस पडू लागली. मग आठवड्याभरात तिकीट १५० रुपयांवर आले, त्यानंतर ११२ रुपयांवर. त्रिमितीच्या चष्म्याचे पैसे वेगळे. चित्रपट तोच, खुर्ची तीच, वातानुकूलन तेच. मग शुक्रवारी चौपट-पाचपट घेतलेले पैसे कशाचे होते? ते होते अज्ञानाचे. पाहून आलेला माणूस शेजाऱ्याला खरे सांगण्याआधी शेजाऱ्याचा खिसा रिकामा करायचा, हे या व्यापाराचे गमक आहे. म्हणून इतकी जाहिरात, म्हणून हजारो पडद्यांवर एकाच दिवशी आक्रमण, म्हणून पहिल्या तीन दिवसांचे भाव चढे. बाजारात सडका आंबा खपवणारा निदान पेटी उघडून वरचा थर तरी दाखवतो.

याच रामकथेवर दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला. अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशी त्याची आख्यायिका आहे. आख्यायिका अतिशयोक्त असेलही. पण ती नाण्यांची आहे, नोटांची नव्हे. आणे-दोन आणे देणाऱ्या माणसांनी भारतीय चित्रपट उभा केला, आणि पुढे अनेक दशके पिटातल्या शिटीनेच नटाची नशिबे ठरवली.

हा पिटातला माणूस आता चित्रपटगृहातून हद्दपार झाला आहे. लालबागच्या ‘भारतमाता’ने गिरणगावाच्या पिढ्यान् पिढ्यांना स्वस्तात मराठी चित्रपट दाखवले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या गेल्या आणि जमिनी उरल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे आणि मल्टिप्लेक्स आहे. ज्या आवारात आजोबा साचे चालवीत, तिथे नातू कुटुंबासह चित्रपट पाहायला गेला तर तिकिटे, गाडीभाडे आणि मक्याच्या लाह्या यांत त्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीची वासलात लागते. घरचा डबा आत नेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी मालकांचा हा अधिकार मान्य केला. पिण्याचे पाणी फुकट द्यावे, एवढीच मेहेरबानी पदरात पडली.

यावर ठरलेले उत्तर येते: चित्रपट ही चैन आहे, परवडत नसेल त्याने जाऊ नये. २३ सप्टेंबर २०२२ रोजी मल्टिप्लेक्सवाल्यांनी स्वतःच एक दिवस तिकीट ७५ रुपयांना दिले, आणि त्या दिवशी ६५ लाखांहून अधिक प्रेक्षक आल्याचे त्यांच्याच संघटनेने सांगितले. म्हणजे लोकांना चित्रपट नकोसा झालेला नाही. त्यांना तो नाकारला गेला आहे. त्यातच पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन बड्या साखळ्या २०२३ मध्ये एक झाल्या. स्पर्धेमुळे भाव उतरतात हे पाठ्यपुस्तकातले वाक्य कोणी कोणाला ऐकवायचे?

शिवाय हा सारा खासगी मामला आहे, असेही नाही. या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्स उभी राहावीत म्हणून त्यांना करमणूक शुल्कात वर्षानुवर्षे सवलत दिली. जनतेच्या तिजोरीवर पोसलेल्या धंद्याने जनतेला दाराबाहेर ठेवावे आणि सरकारने त्यावर मौन पाळावे, याला औद्योगिक धोरण म्हणत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला. त्यावरच्या तिकिटावर तो १८ टक्केच राहिला. मुंबई-पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आतले तिकीट अपवादानेच सापडते, तेव्हा ही सवलत तिथे कागदावरच राहणार.

तामिळनाडूत तिकिटाची कमाल मर्यादा सरकार ठरवते, आणि म्हणून तिथला चित्रपटधंदा बुडालेला नाही. कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये कर वगळता २०० रुपयांची मर्यादा घातली. मालक आणि निर्माते उच्च न्यायालयात गेले आणि काही दिवसांतच तिला स्थगिती मिळाली. न्यायालयात हरण्याची भीती हे निष्क्रियतेचे निमित्त होऊ शकत नाही. ज्या ज्या चित्रपटगृहांनी शुल्कमाफी उपभोगली, त्यांची यादी आणि माफ केलेल्या रकमा महाराष्ट्र सरकारने विधिमंडळासमोर ठेवाव्यात. आणि त्या चित्रपटगृहांत प्रत्येक खेळाला, पहिल्या शुक्रवारीसुद्धा, ठरावीक खुर्च्या शंभर रुपयांच्या आत विकण्याचे बंधन घालावे. हनुमंतासाठी एक खुर्ची राखता येते, तर गिरणी कामगाराच्या नातवासाठी दहा राखायला अडचण कोणती, हे मालकांनी सांगावे.