निश्चय का ढळतो? : वजन घटविण्याच्या सामूहिक स्पर्धांच्या निमित्ताने

नववर्षाचा आरंभ झाला, की कार्यालये, गृहसंकुले, व्यायामशाळा आणि आता गोदामेदेखील वजन घटविण्याच्या सामूहिक स्पर्धा जाहीर करू लागतात. पंचवीस-तीस माणसे, एक वजनकाटा, भिंतीवर नावांचा तक्ता, नव्वद दिवसांची मुदत आणि शेवटी बक्षीस, असे या स्पर्धांचे ठरलेले स्वरूप असते. पहिल्या पंधरवड्यात उत्साह ओसंडून वाहतो. या काळात स्पर्धक वैद्याकडे फिरकत नाहीत. ते येतात सहाव्या-सातव्या आठवड्यात. तोवर काटा अडलेला असतो, शेजारच्याचे वजन आपल्याहून अधिक उतरलेले असते आणि तक्रार एकच असते : ‘आता मन लागत नाही.’ अशा वेळी आपण वैद्यमंडळी बहुधा चार उपदेशाचे शब्द सांगतो, मेदोहर गुग्गुळाची मात्रा वाढवितो आणि रुग्णाच्या मनोबलाविषयी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो. आमच्या मते हा निकाल घाईचा आहे. निश्चय ढळण्याची कारणे बहुतांशी शरीरात, दिनचर्येत आणि लोकलज्जेत असतात. त्यांची चिकित्सा करता येते आणि ती करणे हे आपले काम आहे.

प्रथम भुकेचा विचार करू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत. अतिक्षुधा आणि अतितृष्णा त्यांतच येतात. मेदाने स्रोतसे अडल्यामुळे वायू कोष्ठात विशेषेकरून संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो, आहार लवकर पचतो आणि पुन्हा भूक लागते, अशी तेथील संप्राप्ती आहे. म्हणजे स्थूल मनुष्याची भूक हे त्याच्या व्याधीचे लक्षण आहे, त्याला निव्वळ जिभेचे लाड म्हणता येणार नाही. या प्रदीप्त अग्नीसमोर ताट रिकामे ठेवणे म्हणजे वणव्यासमोर कोरडे रान ठेवण्यासारखेच होय. म्हणूनच शास्त्रकारांनी केवळ उपवास न सांगता गुरू आणि अपतर्पण अशा आहाराची योजना केली : पचायला जड, पण पोषणाला हलका. जव, कुळीथ, मूग, ताक, मध यांची गणना त्यात होते. स्पर्धेतील माणूस मात्र दोन काकड्या आणि लिंबूपाण्यावर दिवस काढतो, आणि रात्री दहा वाजता त्याचा निश्चय मोडला की आपण त्याच्या मनाला दोष देतो.

आधुनिक संशोधनातील एक उदाहरण येथे अवश्य पाहावे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन घटविण्याची एक स्पर्धा अत्यंत गाजली होती. तिच्यातील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनंतर पाठपुरावा करून केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पर्धेच्या अखेरीस सरासरी ५८ किलो वजन उतरले होते. सहा वर्षांत त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, ती सहा वर्षांनंतरही अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होती. तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक स्पर्धेच्या शेवटी जवळजवळ नाहीसे झाले होते. चरकोक्त संप्राप्ती आणि हे निष्कर्ष एकच आहेत, असा दावा आम्ही करणार नाही. तशी घाई आपल्या नियतकालिकांतून पुष्कळदा होते. परंतु एवढे खरे, की ज्या माणसांनी साऱ्या देशासमोर असामान्य निग्रह दाखविला, त्यांनाही तो पुरला नाही. अशा माणसांना दुबळ्या मनाचे कोण म्हणेल?

आता दिनचर्या. भिवंडी तालुक्यातील पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे हा जुन्या आग्रा रस्त्यालगतचा पट्टा मूळचा भातखाचरांचा आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्तीचा. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर, तरी मुंबईला लागून, म्हणून येथे गोदामे वाढली. जकात १ जुलै २०१७ पासून गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. या गोदामांतल्या माणसांना एकाच स्पर्धेत उतरविणे हाच मुळी विनोद आहे. दिवसभर पाठीवर पोती वाहणारा हमाल आणि संगणकासमोर बसून मालाची नोंद करणारा पर्यवेक्षक या दोघांना ‘रोज दहा हजार पावले’ हा एकच नियम कसा लागू पडावा? व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे आपले शास्त्र सांगते. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडू लागली, की थांबावे. हमालाची अर्धशक्ती कामावरच संपलेली असते. त्याला संध्याकाळी आणखी धावायला लावणे हे अतिव्यायामाला निमंत्रण होय, आणि महिनाभरात गुडघा धरून बसलेला तो स्पर्धक ‘निरुत्साही’ म्हणून तक्त्यावरून खाली घसरतो.

रात्रपाळीचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवास्वाप हे स्थौल्याचे कारण म्हणून आपण रुग्णाला बजावतो. पण जो रात्रभर गाड्या भरून घेतो, त्याने झोपावे तरी केव्हा? सकाळी घरी येऊन पोटभर जेवायचे आणि दुपारी चारपर्यंत झोपायचे, हा त्याचा क्रम. वाग्भटाने यावर नेमका मार्ग दाखविला आहे : जागरण झाले असता, जेवढा काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ, सकाळी, भोजनापूर्वी झोपावे. हा एक बदल सांगून पाहावा. आमचा अनुभव असा, की जेवण झोपेनंतर गेले की पोटाचा जडपणा आणि दिवसभराची मरगळ कमी होते, आणि मरगळ कमी झालेल्या माणसाला चालायला जा, असे फारसे सांगावे लागत नाही. पाळीवर मध्यरात्री मिळणारा वडापाव आणि तीन चहा यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. तेथे भाजलेले चणे-फुटाणे डब्यात नेणे एवढे जमले तरी पुष्कळ.

महाराष्ट्रातील सामूहिक वजन-नियंत्रणाचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेचा उल्लेख केल्याविना पुरा होत नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालणे, हा क्रम लोकांसमोर ठेवला. पुढे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून तो घराघरांत पोहोचला. आपल्यापैकी अनेकांचा त्यावर आक्षेप आहे. प्रकृती, अग्नी, वय, ऋतू यांचा विचार न करता सर्वांना एकच माप लावणे आपल्या शास्त्राला मान्य नाही. वातप्रधान कृश व्यक्तीला हा क्रम सोसणार नाही, हेही खरे. पण आक्षेप घेऊन थांबण्यापेक्षा ती मोहीम लोकांनी का धरून ठेवली, हे पाहणे आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते. नियम दोन वाक्यांत सांगता येण्याजोगा होता. पैसे पडत नव्हते. आरंभी उपाशीपोटी इन्शुलिन व एचबीएवनसी तपासून घ्यावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, असा आग्रह होता. म्हणजे वजनकाटा अडला तरी रक्ताच्या अहवालात काही हाती लागण्याची शक्यता होती. आणि गट नव्वद दिवसांनी विसर्जित होत नव्हता. या चार गोष्टींपैकी एकही आयुर्वेदविरोधी नाही. मग त्या आपल्या चिकित्सालयांत का दिसू नयेत?

तिसरे कारण लज्जेचे, आणि ते आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. भिंतीवरच्या तक्त्याने पहिल्या पाच जणांचा उत्साह वाढतो. उरलेल्या वीस जणांना तो दररोज खाली पाहायला लावतो. घरी हळदीचा समारंभ झाला, दोन दिवस मटण-भात झाला, वजन दीड किलो वाढले, की माणूस पुढच्या वजनाच्या दिवशी येतच नाही. आगरी पट्ट्यात लग्नसराईतल्या हळदी चुकविणे म्हणजे नाती तोडणे होय. तो सल्ला देणाऱ्याला गाव ठाऊक नाही, एवढेच म्हणता येईल. असा गळालेला माणूस वैद्याकडेही येईनासा होतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा रक्तदाब, त्याची साखर, त्याच्या पत्नीची गुडघेदुखी, सारेच आपल्या नजरेआड जाते. आपल्याकडच्या जुन्या तालमीत रीत निराळी होती. तेथे कोणी कोणाचे वजन जाहीर करीत नसे. चार दिवस पोरगा आला नाही, तर वस्ताद घरी निरोप धाडीत असे. ‘किती उतरले?’ यापेक्षा ‘काल का आला नाहीस?’ हा प्रश्न माणसाला अधिक बांधून ठेवतो.

चरकाने मनाच्या संदर्भात धी, धृति, स्मृति अशी त्रयी मांडली आहे. स्पर्धेने उत्पन्न होते ती ईर्ष्या; अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी धृति निराळी, आणि ती सवयीने हळूहळू बळकट होते. अहितकर सवय एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावी आणि हितकर सवय त्याच क्रमाने लावावी, हा पादांशिक क्रम आपण मद्य-तंबाखूच्या संदर्भात सांगतो, पण वजनाच्या बाबतीत विसरतो. चार चमचे साखरेचा चहा पिणाऱ्याने प्रथम तीन चमच्यांवर यावे. पाव ताट भात कमी करावा व तेवढी मुगाची उसळ वाढवावी. ध्येयही माफक असावे. अमेरिकेतील २००२ च्या सुप्रसिद्ध मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना वजनाच्या केवळ ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य दिले होते, सोबतीला सातत्याने भेटणारा मार्गदर्शक होता. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात. नव्वद दिवसांत वीस किलोचे आव्हान देणाऱ्यांनी या आकड्याकडे पाहावे.

मोजायचेच असेल, तर कंबर मोजावी : भारतीय पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली जाते. जिना चढताना धाप कोणत्या मजल्यावर लागते, घाम व दुर्गंधी किती, सकाळी उठताना अंग हलके वाटते काय, हेही लिहून ठेवावे. काटा तीन आठवडे हलला नाही, तरी क्षुद्रश्वास कमी झालेला असतो. ही गोष्ट रुग्णाला वहीत दाखविली, की तो पुढचा महिना चालतो.

औषधालयचालकांना दोन गोष्टी स्पष्टच सांगावयाच्या आहेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलता समाविष्ट आहे. तेव्हा स्पर्धेच्या मंडपात ‘हमखास वजन घटवा’ असा फलक लावून संच विकणे हे शास्त्रविरुद्ध तर आहेच, बेकायदेशीरही आहे. दुसरे, जो ग्राहक इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखे औषध घेतो, त्याने स्पर्धेच्या भरात जेवण सोडले तर रक्तशर्करा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. त्रिफळा चूर्ण मागायला आलेल्या माणसाला ‘आणखी कोणती गोळी चालू आहे?’ एवढे विचारण्याची संधी वैद्यापेक्षा दुकानदाराला अधिक वेळा मिळते. तो महिन्यातून चारदा दुकानाच्या पायरीवर येतो. वैद्याकडे दोन महिन्यांतून एकदा. मग एक साधी वही, एक मोजपट्टी आणि दर रविवारी सकाळी अर्धा तास औषधालयाबाहेर जमणारा दहा-बारा जणांचा गट, एवढे पूर्णेसारख्या गावात सहज उभे राहू शकते. बक्षीस नको, तक्ता नको. जो दोन रविवार आला नाही, त्याला तिसऱ्या दिवशी निरोप जावा.

आरंभ मात्र जानेवारीच्या ओसरत्या थंडीत न करता दिवाळीनंतर लगेच, हेमंताच्या तोंडावर करावा. तेव्हा बल उत्तम असते, अर्धशक्तीचा व्यायाम सोसतो, आणि उद्वर्तनासाठी कुळथाचे पीठ घरोघर मिळते. जानेवारीत निघालेला गट नव्वद दिवसांनी एप्रिलमध्ये पोहोचतो. त्या दिवसांत पत्र्याखालच्या गोदामात भर दुपारी उभे राहून आलेल्या माणसाकडून संध्याकाळी धावण्याची अपेक्षा करणाऱ्या संयोजकांनी एकदा स्वतः ती दुपार तेथे काढून पाहावी.